परसत्तेखालचे नाटक : कृ. प्र. खाडिलकर आणि ‘कीचकवध’

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ हे नाटक महाराष्ट्र नाटक मंडळीने १९०७ साली रंगभूमीवर आणले. १९१० च्या आरंभी मुंबई सरकारने त्याच्या प्रयोगांवर बंदी घातली. नाटकात एकही इंग्रज पात्र नाही. लाट, साहेब, कलेक्टर यांपैकी कोणाचा उल्लेख नाही. कथा महाभारताच्या विराटपर्वातली, कीर्तनकाराकडून घरोघर पोचलेली. तरीही एका साम्राज्याला या नाटकाची भीती वाटली, आणि ती भीती खोटी नव्हती. परक्या सत्तेखाली नाटक कसे जगते, याचे मराठीतले सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे हे नाटक आणि त्याचा कर्ता.

खाडिलकरांचा जन्म १८७२ चा, सांगलीचा. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केले ते याच गावात, त्यामुळे नाटकाचे वारे तिथे आधीपासूनच खेळत होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतल्यावर १८९३ मध्ये त्यांनी ‘सवाई माधवराव यांचा मृत्यू’ लिहिले. शेक्सपिअरच्या शोकांतिकांचा अभ्यास त्यात उघड दिसतो. हॅम्लेटची घालमेल आणि इयागोचे कपट पेशव्यांच्या वाड्यात आणण्याचे धाडस एकविशीच्या तरुणाने केले होते. पुढे ते लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’त आले आणि त्यांच्या आयुष्याला दोन वाटा एकदमच फुटल्या, वर्तमानपत्राची आणि रंगभूमीची. या दोन वाटा त्यांनी कधी वेगळ्या मानल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते काही काळ नेपाळात होते. कौलांच्या कारखान्याच्या आडून शस्त्रे तयार करण्याचा तो प्रयत्न होता. योजना फसली, पण वरून एक आणि आतून एक असे काम कसे चालवावे लागते, याचा पाठ त्यांना तिथे मिळाला असावा.

त्या काळच्या नाटक कंपनीत दिग्दर्शक असा वेगळा माणूस नसे. तालीम घेणारा असे, आणि पुष्कळदा तो स्वतः नाटककारच असे. गोविंद बल्लाळ देवल तालमीसाठी प्रसिद्ध होते. खाडिलकरही आपल्या नाटकांच्या तालमी स्वतः घेत. कोणत्या शब्दावर थांबायचे, कोणते वाक्य खालच्या आवाजात टाकायचे, प्रेक्षकांकडे केव्हा पाहायचे, हे सारे तालमीत ठरे. छापील पुस्तकात यातले काहीच उतरत नाही. महाराष्ट्र नाटक मंडळी १९०४ मध्ये निघालेली, सुशिक्षित तरुणांची आणि गद्य नाटकांची कंपनी होती. तिथे पदांचा आधार नव्हता. जे काही करायचे ते शब्दाने आणि अभिनयाने.

सरकारच्या हाती जो कायदा होता तो १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा. त्याचा उगम कलकत्त्यात. प्रिन्स ऑफ वेल्स भारतात आला असता एका बंगाली वकिलाने त्याला घरी बोलावले आणि अंतःपुरातल्या स्त्रियांनी त्याचे स्वागत केले. कलकत्त्यात यावर मोठा गहजब झाला आणि ग्रेट नॅशनल थिएटरने त्यावर एक प्रहसन केले. दिग्दर्शक होते उपेंद्रनाथ दास. सरकारने आधी वटहुकूम काढला आणि दुसऱ्याच एका नाटकातल्या अश्लीलतेचे निमित्त करून दास व अमृतलाल बसू यांना पकडले. खालच्या कोर्टात शिक्षा झाली, वरच्या कोर्टात दोघे सुटले. सध्याचे कायदे पुरत नाहीत असे दिसल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस नवा कायदा झाला.

हा कायदा बारकाईने वाचण्यासारखा आहे. सरकारबद्दल अप्रीती निर्माण करील असे वाटणारा कोणताही प्रयोग सरकारला बंद करता येई. बंदी मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पोलिसांना वॉरंट घेऊन नाटकगृहात शिरता येई, नटांना पकडता येई, पडदे आणि पोषाखही जप्त करता येत. आणखी एक तरतूद होती, तिच्याकडे अभ्यासकांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. बंदी घातलेला प्रयोग जाणूनबुजून पाहायला बसणारा प्रेक्षकही तितकाच गुन्हेगार ठरे. पुस्तक वाचणाऱ्याला राजद्रोहाच्या कलमाने तुरुंगात घातले जात नव्हते. नाटक पाहणाऱ्याला मात्र घालता येत होते. नाटक एकट्या नटाचे नसते, समोर बसलेला माणूस त्याचा भागीदार असतो, ही गोष्ट कायदा लिहिणाऱ्यांना पक्की ठाऊक होती.

याच कायद्याच्या बाराव्या कलमाने एक सवलत दिली होती. धार्मिक उत्सवातल्या जत्रा आणि तशा प्रकारचे खेळ यांना हा कायदा लागू नव्हता. कोकणातल्या आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या दशावतारासाठी हे कलम फार महत्त्वाचे. मालवण, देवगड आणि वेंगुर्ला तेव्हा इंग्रजी अमलातल्या रत्नागिरी जिल्ह्यात होते आणि सावंतवाडी हे संस्थान. दोन्हीकडे देवळाच्या जत्रेत रात्रभर दशावतार चाले. गणपती, सरस्वती, संकासूर यांचा पूर्वरंग झाला की आख्यान लागे आणि पहाटे दहिकाला होई. आख्यान पुराणातले, संवाद उत्स्फूर्त. कोणत्या प्रसंगाला कोणी किती बोलायचे हे रंगपटात उभ्या उभ्या ठरते आणि पेटी, मृदंग, झांजेच्या साथीवर नट ते तिथल्या तिथे घडवतो. परिनिरीक्षणासाठी मागवून घ्यावी अशी संहिताच मुळी नाही. जो मार्ग पुण्यातल्या शिकलेल्या नाटककाराने हेतुपूर्वक धरला, म्हणजे देवादिकांच्या कथेतून आजच्या गोष्टी बोलण्याचा, तो कोकणातल्या दशावताऱ्यांच्या अंगवळणी पडलेला होता. राजा झालेला नट भर दरबारात गावातल्या सावकाराला टोला हाणतो आणि मांडावर हशा पिकतो, हे जत्रेला जाणाऱ्या कोणालाही नवे नाही. फरक इतकाच की तिकीट लावून शहरातल्या नाटकगृहात तोच खेळ केला की तो कायद्याच्या टप्प्यात येई.

‘कीचकवध’ लिहिले गेले त्या आधीची वर्षे लॉर्ड कर्झनची. १८९९ ते १९०५ या काळात तो व्हाइसरॉय होता. फेब्रुवारी १९०५ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात सत्याचा उच्च आदर्श हा मुख्यतः पाश्चात्त्यांचा, अशा अर्थाचे तो बोलला आणि देशभर संताप उसळला. ऑक्टोबर १९०५ मध्ये बंगालची फाळणी अमलात आली. स्वदेशी आणि बहिष्काराची चळवळ सुरू झाली. काँग्रेसमध्ये अर्ज-विनंत्यांवर भरवसा ठेवणारे नेमस्त आणि लढ्याची भाषा बोलणारे जहाल असे दोन तट पडले.

खाडिलकरांनी या सगळ्यासाठी विराटाची नगरी निवडली. पांडव अज्ञातवासात आहेत. युधिष्ठिर कंकभट होऊन राजाशी द्यूत खेळतो, भीम बल्लव नावाचा स्वयंपाकी, द्रौपदी ही सैरंध्री म्हणून राणी सुदेष्णेची दासी. राणीचा भाऊ आणि राज्याचा सेनापती कीचक याची नजर सैरंध्रीवर पडते. राजा दुबळा, कारण सैन्य कीचकाच्या मुठीत. भर सभेत तिचा अपमान होतो. कंकभट म्हणतो, मुदत संपेपर्यंत सोसले पाहिजे. बल्लवाला सोसवत नाही. मूळ कथेत भीम रात्री नर्तनशाळेत कीचकाला गाठून ठार करतो.

कथेची निवड किती अचूक होती हे तपशिलात शिरल्यावर कळते. रामायणात रावण बाहेरचा, युद्ध समोरासमोरचे. कौरव-पांडवांचे भांडण भाऊबंदकीचे. विराटपर्वात मात्र ज्यांचे राज्य गेले आहे ते दुसऱ्याच्या घरी चाकर होऊन राहिले आहेत, नाव लपवून. आपण कोण हे त्यांना ठाऊक आहे, पण सांगता येत नाही. अन्याय करणारा स्वतः राजा नाही, राजाच्या वतीने सत्ता गाजवणारा अधिकारी आहे. आणि अपमान सोसणाऱ्यांतच, सोसावे की उठावे, यावर मतभेद आहे. नेमस्त आणि जहाल यांचे नाते याहून नेमकेपणाने मांडणारी दुसरी कथा पुराणांत सापडणे कठीण. शिवाय युधिष्ठिर खलनायक नाही. तो धर्मराज आहे, त्याचे म्हणणे चुकीचे ठरवले तरी त्याचा मान राखावाच लागतो. खाडिलकर टिळकांच्या बाजूचे, जहाल. तरी नेमस्तांना त्यांनी युधिष्ठिराचे स्थान दिले, ही त्यांच्या नाट्यदृष्टीची मोठी खूण आहे. नाटक आले त्याच वर्षी, १९०७ च्या डिसेंबरात, सुरतेच्या अधिवेशनात काँग्रेस खरोखरच दुभंगली.

प्रयोगाला गर्दी लोटू लागली. कीचक उन्मत्तपणे बोलू लागला की प्रेक्षकांना कोण आठवे, हे सांगण्याची गरज नव्हती. इथेच कायद्याची अडचण होती. राजद्रोह सिद्ध करायचा तर वाक्य दाखवावे लागते. ‘कीचकवधा’त आक्षेपार्ह ते वाक्यात नसून प्रेक्षकांच्या मनात होते, आणि मनातले ते वाक्य नाटककाराने लिहिलेलेच नव्हते.

१९०८ च्या जूनमध्ये टिळकांना अटक झाली, जुलैत सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला पाठवले गेले. ‘केसरी’ची जबाबदारी खाडिलकरांवर आली. त्यांच्या लेखणीखाली आता वर्तमानपत्र होते आणि रंगभूमीवर नाटक. १९०९ मध्ये ‘भाऊबंदकी’ आले. राघोबा आणि आनंदीबाईच्या त्या कथेत आपसातल्या फुटीने राज्य कसे जाते हे होते, आणि सुरतेनंतर दोनच वर्षांनी ते पाहणाऱ्यांना आणखी काही समजावून सांगावे लागत नव्हते.

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाटकगृहात ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सन यांना निरोप देण्यासाठी तो ठेवला होता. अनंत कान्हेरे या तरुणाने जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. ‘शारदा’ हे देवलांचे नाटक बाला-जरठ विवाहावरचे. त्या हत्येशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. पण सरकारच्या डोळ्यांसमोर नाटकगृह आणि पिस्तूल एकत्र आले. पुढच्या काही आठवड्यांतच ‘कीचकवधा’वर बंदीचा हुकूम निघाला आणि फेब्रुवारी १९१० मध्ये नवा कडक प्रेस कायदाही झाला.

बंदीचे समर्थन सर्वांत सविस्तर केले ते लंडनच्या ‘टाइम्स’चा लेखक व्हॅलेंटाइन चिरोल याने. १९१० मध्ये निघालेल्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात त्याने नाटकाची कथा सांगून कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर म्हणजे नेमस्त आणि भीम म्हणजे जहाल असा ताळा जुळवला. कर्झनचे नाव नाटकात कुठेही येत नाही हेही त्याने मान्य केले. याच पुस्तकावरून टिळकांनी पुढे लंडनमध्ये चिरोलवर बदनामीचा दावा लावला आणि १९१९ मध्ये तो ते हरले. नाट्यसमीक्षेच्या दृष्टीने पाहिले तर चिरोलचा ताळा ढोबळ आहे. द्रौपदी ही केवळ देशाचे प्रतीक असती तर तिच्या अपमानाने प्रेक्षक इतके हलले नसते. ती आधी एक बाई आहे, नवऱ्यांच्या डोळ्यांदेखत छळली जाणारी. खाडिलकरांनी तिला माणूस म्हणून उभे केले, आणि म्हणूनच प्रतीक उभे राहिले.

परसत्तेखालच्या रंगभूमीचा दुसरा, याहून भयंकर प्रकार पोलंडमध्ये दिसतो. १९३९ मध्ये जर्मनांनी देश व्यापल्यावर क्राकूफ ही व्याप्त मुलखाची राजधानी झाली. त्या नोव्हेंबरात विद्यापीठातले प्राध्यापक सभेला बोलावून पकडण्यात आले. पोलिश नाटकगृहे बंद पडली. परवानगी मिळे ती हलक्या करमणुकीला. नटांच्या गुप्त संघटनेने अशा परवानगीच्या रंगमंचावर काम न करण्याचा आदेश दिला. अनेक नट उपाहारगृहांत वाढपी झाले. विख्यात दिग्दर्शक लेऑन शिलर आणि नट स्टेफान यारात्स यांना आऊश्विट्झच्या छळछावणीत नेले होते. त्या क्राकूफमध्ये तादेउश कांतोर या तरुण चित्रकाराने घरांच्या खोल्यांतून गुप्त नाटके बसवली. १९४३ मध्ये स्लोवात्स्कीचे ‘बालादिना’, १९४४ मध्ये विस्प्यान्स्कीचे ‘ओदिसियसचे पुनरागमन’. त्याचे वडील १९४२ मध्ये आऊश्विट्झमध्ये मारले गेले होते. दुसऱ्या नाटकासाठी त्याने लढाईत मोडतोड झालेली खोली घेतली. कुजक्या फळ्या, चिखलाने माखलेले चाक, ध्वनिक्षेपक अशा सामानात ग्रीक महाकाव्यातला राजा जर्मन सैनिकाचा मळका कोट घालून घरी परतला. त्याच शहरात मेचिस्वाफ कोत्लार्चिक याने १९४१ मध्ये शब्दांचे नाटक उभे केले. नेपथ्य नाही, वेष नाही, खोलीभर श्रोते आणि काव्य म्हणणारे चार-पाच जण. त्यांतला कारोल वोयतिवा पुढे पोप जॉन पॉल दुसरा झाला. वॉर्सातल्या ज्यूंच्या कोंडवाड्यात (घेटोत) यानुश कोर्चाक यांच्या अनाथाश्रमातल्या मुलांनी जुलै १९४२ मध्ये रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ केले. तीन आठवड्यांच्या आत ती मुले आणि कोर्चाक ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेली गेली. हे नाटक बंगालीतून निघून जगभर फिरले होते. पण त्याला इतके अर्थपूर्ण आणि इतके असह्य प्रेक्षागृह दुसरे मिळाले नसेल. 

दोन्हीकडच्या रीतीत साम्य आहे. विस्प्यान्स्कीचे ‘ओदिसियस’ छापले गेले तेही १९०७ सालीच, पोलंड तीन साम्राज्यांत वाटला गेला असताना. राज्य हरवलेल्यांनी जुन्या महाकाव्यांकडे वळावे, हे दोन्ही देशांत घडले. पण फरकही मोठा आहे. इंग्रजी अमलात कायदा होता, हुकूम छापून निघत, वरच्या कोर्टात सुटकाही होई. म्हणून खाडिलकरांना उघड्यावर, तिकीट लावून, हजारोंपुढे बोलता आले आणि सत्तेला ते उघड्यावरच थांबवावे लागले. कांतोरपुढे मोजकी माणसे होती आणि दारावर थाप पडली तर सुनावणी नव्हती. क्राकूफच्या त्या खोलीचे धैर्य अधिक मोठे मानावे लागेल. पुण्याच्या नाटकगृहाचा पल्ला अधिक लांब होता.

बंदीनंतर खाडिलकर संगीत नाटकाकडे वळले. १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर मंडळीने ‘मानापमान’ आणले. बालगंधर्वांनी त्याच दिवशी दगावलेल्या आपल्या मुलीचे दुःख गिळून भामिनी उभी केली, आणि मराठी संगीत रंगभूमीचे ऐन वैभव तिथून सुरू झाले. १९१३ मध्ये ‘विद्याहरण’, १९१६ मध्ये भास्करबुवा बखले यांच्या चालींनी नटलेले ‘स्वयंवर’, १९२० मध्ये ‘द्रौपदी’. लढाऊ लेखकाने सरकारपुढे हात टेकले आणि गाण्यांचा आसरा घेतला, असा आरोप त्यांच्यावर अधूनमधून होतो. तो टिकत नाही. ‘मानापमाना’त धनापेक्षा शौर्याला मान आहे, ‘विद्याहरणा’त मद्याने ज्ञानी माणसाची होणारी दशा आहे, आणि ‘द्रौपदी’त तर तेरा वर्षांनी तीच स्त्री पुन्हा सभेत उभी आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून ‘मानापमान’ केले. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. ज्या लेखकाचे एक नाटक सरकारने बंद पाडले, त्याच्याच दुसऱ्या नाटकाने स्वराज्याच्या निधीत भर घातली, आणि त्यात कोणाला हरकत घेता आली नाही.

खाडिलकरांच्या मागून येणाऱ्यांनी पुराणाचा पडदा हळूहळू बाजूला सारला. शाळकरी वयात मालवणच्या किनाऱ्याचे संस्कार घेतलेले भार्गवराम विठ्ठल तथा मामा वरेरकर टपाल खात्यातली नोकरी सोडून नाटकात आले. १९२२ मध्ये ललितकलादर्शने त्यांचे ‘सत्तेचे गुलाम’ केले, १९२३ मध्ये ‘तुरुंगाच्या दारात’. आजचे घर, आजची माणसे, खरीखुरी वाटणारी खोली रंगमंचावर आली. गांधींच्या चळवळीने लोकांना उघड बोलायला शिकवले होते. नाटकालाही आता कीचकाच्या मुखवट्याची गरज पूर्वीइतकी उरली नव्हती. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ १९३१ मध्ये आले ते बळवंत संगीत मंडळीकडून, आणि तिचे प्रमुख नट दीनानाथ मंगेशकर पोर्तुगीज अमलातल्या मंगेशीचे.

खाडिलकरांनी १९२३ मध्ये ‘नवाकाळ’ हे दैनिक सुरू केले. १९२९ मध्ये त्यातल्या लेखनावरून राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना एक वर्षाची शिक्षा झाली. नाटकाने ज्यांना तुरुंगात नेले नाही त्यांना वर्तमानपत्राने नेले. १९३३ च्या ‘सावित्री’नंतर त्यांचे नाट्यलेखन थांबले आणि उरलेला काळ अध्यात्माच्या अभ्यासात गेला. २६ ऑगस्ट १९४८ रोजी, स्वातंत्र्याला एक वर्ष झाल्यावर, त्यांचे निधन झाले.

१८७६ चा कायदा त्यांच्या मागे उरला. १९५६ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने, प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’वर केलेल्या एका प्रयोगाच्या खटल्यात, तो राज्यघटनेशी विसंगत ठरवला. मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात नाटकांचे पूर्वपरीक्षण पोलीस कायद्याखाली चालूच राहिले. १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’साठी दिग्दर्शक कमलाकर सारंग यांना मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला. ज्या कायद्याने ‘कीचकवध’ थांबवले तो संसदेने केलेल्या कायद्याने जानेवारी २०१८ मध्ये रद्द झाला.